विमानं दिसेनाशी झाली? नवा डाँगल मागवण्याआधी हे तपासा

विमानांचे रेडिओ संदेश पकडणाऱ्या घरच्या सेटअपच्या नकाशावर काल या वेळेला साठ विमानं होती, आज अकरा आहेत. डाँगलचा दिवा जळतोय, प्रोग्रॅम चालू आहे, तक्रारीची एक ओळ कुठे आलेली नाही. हे गाऱ्हाणं माझ्याकडे इतक्या वेळा आलंय, आणि माझ्या स्वतःच्या सेटअपवर इतक्या वेळा घडलंय, की तपासणीचा क्रम आता तोंडपाठ झालाय. आधी फुकटातल्या गोष्टी, मग हात लावायच्या, छत सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आधी नवी अँटेना मागवतात, मग अँप्लिफायर, आणि दोष निघतो एखाद्या सेटिंगमध्ये.

मी बोलतोय तो अंगठ्याएवढ्या यूएसबी डाँगलबद्दल. मुळात टीव्ही बघण्यासाठी बनलेला, आत आरटीएल२८३२यू चिप आणि आर८२०टी२ किंवा आर८६० ट्यूनर. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर एडीएस-बीचे, म्हणजे स्वतःची ओळख आणि ठावठिकाणा सांगणारे, संदेश सोडतात, डाँगल ते पकडतो आणि डम्प१०९० किंवा रीडएसबी हा प्रोग्रॅम त्यांचा अर्थ लावतो.

आधी लक्षण ओळखा

«विमानं दिसत नाहीत» या एका वाक्यात निदान सहा वेगवेगळे आजार असतात.

प्रोग्रॅम सुरूच होत नाही किंवा डाँगल सापडत नाही म्हणतो: दोष संगणकाच्या बाजूला आहे, अँटेनाकडे बघूही नका. प्रोग्रॅम चालतो पण संदेश शून्याच्या आसपास: केबल, कनेक्टर किंवा वीज न पोचलेला अँप्लिफायर. संदेश भरपूर, यादीत विमानंही आहेत, पण नकाशा ओसाड: हा जवळपास नेहमी सेटिंगचा घोळ. लांबची विमानं दिसतात पण डोक्यावर आलेलं विमान गायब होतं: गेन, म्हणजे डाँगल संकेत किती पट वाढवतो ते, जास्त झालंय. पल्ला काही आठवड्यांत हळूहळू आक्रसला, किंवा पाऊस पडला की घटतो आणि ऊन पडलं की सुधारतो: कुठेतरी पाणी शिरलंय. आणि सहावा, तीन-चार तास छान चालतं, मग सगळं गोठतं, डाँगल काढून घातला की पुन्हा सुरू: वीजपुरवठा.

कशालाही हात लावण्याआधी एका वहीत चार आकडे लिहा: दर सेकंदाला किती संदेश, एकूण किती विमानं, त्यातली जागा कळलेली किती, आणि सगळ्यात लांबचं किती अंतरावर. सोबत वेळ आणि वार. मध्यरात्रीची विमानं सकाळच्या गर्दीशी ताडून बघितली तर ठणठणीत सेटअपही आजारी वाटेल. मागच्या आठवड्यातला तोच वार, तीच वेळ, याच्याशीच तुलना करायची. नकाशाकडे बघून अंदाज बांधू नका, नकाशा फसवतो. आणि एका वेळी एकच बदल करायचा. दोन केले आणि सुधारलं, तर कशाने सुधारलं हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

खुर्चीतून न उठता

पहिलं, संगणक पूर्ण बंद करून डाँगल उपसून पुन्हा लावा. नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, कारण पुष्कळ छोट्या संगणक-बोर्डांवर रीस्टार्टमध्ये यूएसबीची वीज जातच नाही, आणि अडकलेला डाँगल अडकलेलाच राहतो.

सापडतच नसेल तर दोन संशयित. एक, दुसरा कुठला तरी प्रोग्रॅम डाँगल धरून बसलाय. हा डाँगल एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. काल गंमत म्हणून एफएम ऐकायला उघडलेलं सॉफ्टवेअर मागे चालूच असतं, किंवा डम्प१०९० आणि रीडएसबी दोन्ही बसवलेले असतात आणि संगणक चालू होताना जो आधी पोचेल तो डाँगल पटकावतो. म्हणून कधी चालतं, कधी नाही. दोन, लिनक्सला हा डाँगल अजूनही टीव्हीचा वाटतो आणि तो त्याला टीव्हीचा ड्रायव्हर चिकटवतो. तो ड्रायव्हर काळ्या यादीत टाकायचा. एकदा टाकला होता म्हणून निश्चिंत राहू नका, कार्यप्रणाली नव्याने बसवली की ती यादीही कोरी होते.

आता ओसाड नकाशा. हा दोष मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण माणूस छतावर जाऊन आलेला असतो आणि उत्तर एका ओळीत असतं. विमान आपले पूर्ण अक्षांश-रेखांश पाठवतच नाही. जागा वाचवण्यासाठी प्रत्येकी १७ बिटांत बसवलेला तुकडा पाठवतं, एकदा «सम» पद्धतीने, एकदा «विषम». दोन्ही काही सेकंदांच्या आत मिळाले तरच पृथ्वीवरची जागा पक्की होते. किंवा एकच तुकडा मिळाला तर रिसीव्हरची स्वतःची जागा धरून प्रोग्रॅम अंदाज काढतो. शिवाय कमाल अंतराची मर्यादा घातलेली असते, तिच्या पलीकडची जागा तो चूक समजून फेकून देतो. म्हणजे तुम्ही स्वतःची जागा चुकीची भरली असेल, तर बरोबर आलेली प्रत्येक जागा «अशक्य» ठरते आणि कचऱ्यात जाते.

एका मित्राने असाच आठवडा घालवला होता. केबल बदलली, अँटेना वर-खाली केली. मी जाऊन सेटिंगची फाइल उघडली तर अक्षांशाच्या जागी रेखांश आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. दोन आकड्यांची अदलाबदल केली, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला आणि मिनिटभरात नकाशा भरला. तो काही बोलला नाही, आत जाऊन चहा टाकला.

यातलंच एक उपलक्षण: काही विमानं यादीत असतात पण नकाशावर कधीच येत नाहीत. ती जागा पाठवतच नाहीत, फक्त मोड-एसची, म्हणजे जमिनीवरच्या रडारने विचारलेल्या प्रश्नांची, उत्तरं देतात. त्यांची जागा काढायची तर अनेक रिसीव्हरांनी एकच संदेश किती फरकाने ऐकला ते ताडून बघावं लागतं. तुमच्या एकट्याच्या डाँगलचा त्यात दोष नाही. तसंच जीपीएसमध्ये व्यत्यय असलेल्या भागातली विमानं भलतीकडे उड्या मारताना दिसतात किंवा त्यांची जागाच येत नाही. विमानालाच स्वतःचा ठावठिकाणा नीट माहीत नसेल तर तुमची अँटेना काय करणार?

आणि वीज जाऊन आल्यापासून सगळं मंदावलं असेल, तर बायस-टी बघा. अँटेनापाशी बसवलेल्या अँप्लिफायरला केबलमधूनच वीज देण्याची ही सोय. बऱ्याच डाँगलांमध्ये ती सॉफ्टवेअरने चालू करावी लागते आणि वीज गेली की आपोआप बंद होते. वीज न मिळालेला अँप्लिफायर नुसता निकामी नसतो, तो वाटेत भिंतीसारखा उभा राहतो आणि येणारा संकेतही अडवतो. बायस-टी चालू करण्याचा आदेश संगणक सुरू होतानाच्या यादीत घालून टाका. मात्र केबलच्या टोकाला अँप्लिफायर नसून थेट अँटेना असेल तर बायस-टी चालू करायच्या भानगडीत पडू नका. अनेक अँटेना एकदिश (डीसी) विजेसाठी थेट शॉर्ट असतात.

गेन: इथे घाई करू नका

मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी ही सांगितली असती. गेन कमी करून बघा. हो, कमी.

कारण साधं आहे. डाँगलमधला एडीसी, म्हणजे संकेताचे आकडे करणारा भाग, ८ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्या, ढोबळमानाने ४८ डेसिबलचा आवाका. आता २ किलोमीटरवरचं विमान आणि ४०० किलोमीटरवरचं विमान घ्या. अंतर २०० पट, म्हणजे संकेतात ४६ डेसिबलचा फरक. जवळजवळ अख्खा आवाका या दोघांतच संपला. गेन शेवटच्या पायरीला, ४९.६ डेसिबलला, नेऊन ठेवला की लांबच्याला मदत होतेच असं नाही, पण जवळच्या विमानाचे संदेश मात्र छताला आपटून चेपतात. डोक्यावरचं विमान नाहीसं होतं ते यामुळे. त्यात जवळपास मोबाइलचा टॉवर किंवा एफएमचं केंद्र असलं तर त्यांचा जोरही ट्यूनरच्या तोंडावर येऊन पडतो. तो १०९० वर नसला तरी ट्यूनर गुदमरतो आणि बारीक संकेत त्या गोंगाटात बुडतात. लोक म्हणतात पल्ला कमी झाला, गेन वाढवू. आणि आजार वाढतो.

«ऑटो» वरही विसंबू नका. ही सोय टीव्हीच्या अखंड संकेतासाठी केलेली. विमानाचा संदेश १२० मायक्रोसेकंदांत संपतो. दोन संदेशांमधल्या शांततेत ट्यूनरला वाटतं काहीच येत नाहीये, आणि तो गेन चढवून बसतो.

पद्धत अशी. गर्दीची वेळ निवडा. ४९.६ वर वीस मिनिटं, आकडे वहीत. मग ४४.५, ४२.१, ४०.२, ३८.६, ३६.४, ३३.८ असं उतरत जा, प्रत्येक पायरीला तितकाच वेळ. पूर्ण क्षमतेच्या ३ डेसिबलच्या आत येणारे, म्हणजे फार जोरदार संदेश, प्रोग्रॅम आकडेवारीत वेगळे मोजतो. त्यांचं प्रमाण साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. अगदी शून्य असेल तर गेन थोडा वाढवायला जागा आहे. माझ्याकडे अँप्लिफायर लावल्यावर गेन एवढा खाली आणावा लागला की पहिल्यांदा मलाच पटेना, मी दोनदा परत वर नेऊन बघितला. वहीतले आकडे मात्र दोन्ही वेळा खालच्याच बाजूने बोलले.

एक गोष्ट इथेच निकालात काढतो: पीपीएम दुरुस्ती, म्हणजे डाँगलच्या घड्याळाची चूक दहा लाखांत किती ते काढून सुधारणं. घड्याळाची चूक मोजण्यात रात्री घालवलेले लोक मी पाहिलेत. ५० पीपीएमची चूक १०९० मेगाहर्ट्झवर जेमतेम ५५ किलोहर्ट्झ होते, आणि विमानांच्या ट्रान्सपाँडरनाच (संदेश सोडणाऱ्या यंत्रांना) १ मेगाहर्ट्झ इकडेतिकडे व्हायची परवानगी आहे. सोडून द्या.

आता उठा: वीज आणि यूएसबी

काही तासांनी गोठणारा सेटअप असेल तर आधी वीजपुरवठा. डाँगल एकटाच ३०० मिलिअँपियरच्या आसपास खेचतो आणि दर सेकंदाला ४८ लाख बाइट संगणकात ओततो. त्यात बायस-टीवर अँप्लिफायर टांगलेला. रास्पबेरी पायसारख्या बोर्डाला जुन्या मोबाइलचा चार्जर लावला असेल तर भर कामात व्होल्टेज ढासळतं. व्होल्टेज ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की रास्पबेरी पाय कमी व्होल्टेजची नोंद करतो. त्याच्या थ्रॉटल तपासण्याच्या आदेशाला शून्याखेरीज दुसरं उत्तर आलं, तर पुढचं काही तपासू नका, आधी बोर्डासाठीच बनलेला अडॅप्टर लावा. चार्जर चांगला असूनही व्होल्टेज पडत असेल तर दोष केबलचा. बारीक यूएसबी केबल अर्धा व्होल्ट सहज खाते.

डाँगल बोर्डाला थेट चिकटवू नका. हातभर लांबीची, जाडसर, वर जाळीचं आवरण असलेली यूएसबी केबल मध्ये घाला. बोर्डाची उष्णता आणि खरखर दोन्हीपासून डाँगल सुटतो. डाँगल गरम होतो म्हणून घाबरू नका, तो गरमच असतो. चटका बसण्याइतका तापत असेल तर मात्र हवा लागेल अशा ठिकाणी हलवा.

कनेक्टर, केबल, अँटेना

पहिल्यांदा डोळ्यांनी बघा. कनेक्टर उघडा, उजेडात धरा. मधली पिन सरळ आहे का, सोनेरी किंवा चंदेरी आहे का, की तिच्यावर हिरवी बुरशी धरल्यासारखा थर आलाय? हिरवं दिसलं की पाणी शिरलंय. तिथे पुसून काम भागत नाही. पाणी जाळीच्या तांब्यातून आत चढत जातं, म्हणून टोकाची हातभर केबल कापून आत तांबं कुठवर काळं पडलंय ते बघा. लखलखीत तांबं लागेपर्यंत कापायचं, मग नवा कनेक्टर. वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळलेली, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर कौलासारखा येतो. आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं.

नवीनच जोडलेलं असून काहीच येत नसेल तर कनेक्टरची जात बघा. वायफायच्या अँटेनांवर आरपी-एसएमए असतो. आटे तोच, बाहेरून रूप तेच, पण त्याच्या नटाच्या आत पिनेऐवजी भोक असतं. डाँगलमध्येही भोकच. दोघं घट्ट बसतात, छान फिरतात, आणि आतून एकमेकांना स्पर्शही करत नाहीत.

मल्टिमीटर असेल तर केबल दोन्हीकडून सोडवून मधली तार आणि जाळी यांच्यात शॉर्ट आहे का बघा. अँटेना जोडलेली ठेवून मोजू नका, मघाशी सांगितल्याप्रमाणे ती शॉर्ट दाखवूच शकते आणि तुम्ही चांगली केबल फेकाल.

केबलची लांबी हा मोठा चोर. १ गिगाहर्ट्झच्या आसपास बारीक आरजी-१७४ दर मीटरला साधारण १ डेसिबलहून जास्त खाते, आरजी-५८ सुमारे ०.७, डिशटीव्हीची आरजी-६ सुमारे ०.२. सहा डेसिबल गेले की पल्ला निम्मा, म्हणजे आरजी-५८ची दहा मीटर केबल एवढं करून मोकळी होते. आरजी-६ ७५ ओहमची असते, डाँगलशी जुळत नाही, म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात. त्या विजोडपणाने जेमतेम ०.२ डेसिबल जातात. मी खुशाल वापरतो.

अँटेना उभी आहे ना? एडीएस-बीचा संकेत उभ्या ध्रुवीकरणाचा, म्हणजे लहरी उभ्या दिशेत डोलणाऱ्या, अँटेना आडवी पडली की मार खाते. डाँगलसोबत आलेली ओढून लांब करायची काडी पूर्ण ओढू नका. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २७.५ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा ६.९. काडी तेवढीच ठेवा आणि चुंबकाचा तळ लोखंडी डब्याच्या झाकणावर बसवा. धातूचा थर दिलेल्या खिडकीच्या काचेमागे ठेवली असेल तर बाहेर काढून एक तास बघा, फरक वहीतच दिसेल.

नवा अँप्लिफायर घेण्याआधी एवढा हिशेब करा: अँटेनाची उंची आणि विमानाची उंची मीटरमध्ये घेऊन दोघांची वर्गमुळं बेरजेला धरायची आणि ४.१२ ने गुणायचं. दहा मीटरवरची अँटेना आणि १०,००० मीटरवरचं विमान, सुमारे ४२५ किलोमीटर. तेच विमान १,००० मीटरवर उतरलं की १४३. क्षितिजाखालचं कुठलाही अँप्लिफायर ऐकवत नाही. एखाद्याच दिशेला नकाशा कापल्यासारखा दिसत असेल तर तिकडे इमारत किंवा टेकडी आहे, आणि तिच्यावर इलाज फक्त उंचीचा.

एवढं सगळं करूनही गोंगाट असेल तर १०९० चा फिल्टर. टॉवर जवळ असेल तर तो अँप्लिफायरपेक्षा जास्त देतो. अँप्लिफायर घ्यायचाच तर अँटेनापाशी बसवा. केबल ओलांडून डाँगलपाशी आलेला संकेत वाढवताना केबलमधलं नुकसान भरून येत नाही, फक्त गोंगाटही सोबत मोठा होतो.

इथे थांबा

अँटेना विजेच्या तारांच्या आसपास आहे, किंवा खांब आडवा झाला तर तारांपर्यंत पोचेल, तर हात लावू नका. उतरत्या, ओल्या किंवा पत्र्याच्या छतावर एकट्याने चढू नका. उंचीवर काम करणारा, दोर-पट्टा बांधणारा माणूस बोलवा. केबलच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ताबडतोब सगळं बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला सांगा. घराच्या अर्थिंगमध्ये गडबड असू शकते आणि तो डाँगलचा प्रश्न उरत नाही. खांबाचं अर्थिंग आणि वीजरोधक हेही त्याच्याच हातचं काम. ढग गडगडायला लागल्यावर केबल सोडवायला धावू नका, ती आदल्या संध्याकाळी सोडवायची असते.

गोंगाट ठरावीक दिशेकडून, ठरावीक वेळी येतो आणि फिल्टरनेही हटत नाही, असं वहीत दिसलं तर टॉवरवाल्याच्या दारात जाऊन भांडण्यात अर्थ नाही. रेडिओलहरींचं नियमन करणाऱ्या सरकारी खात्याकडे तारीख-वेळेसह तक्रार द्या, मोजायची साधनं त्यांच्याकडे असतात.

आणि वादळानंतर डाँगल बहिरा झाला असेल? त्यावर जोराचं एफएम केंद्र ऐकू येतं पण १०९० वर शुकशुकाट असतो. दुसऱ्याचा चालता डाँगल मागून आणून त्याच केबलला पाच मिनिटं लावा. त्याच्यावर विमानं आली तर तुमच्या डाँगलचं तोंड जळलंय. सोल्डरिंगच्या नादी न लागता नवीन घ्या, आणि पहिल्या दिवशीचे चार आकडे त्याच वहीत लिहून ठेवा.